मळईचं बारसं

कार्तिकी पुनव होऊन आठ दिवस लोटले, तरी नदीकाठच्या त्या पाच बिघ्यांत पेरणीची पाभर फिरली नव्हती. आजूबाजूच्या रानांत हरभरा उगवून दोन पानांवर आला होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पेरायची मनाई होती, म्हणून हा एक तुकडा तेवढा काळाभोर, उघडा पडला होता. वरून वाऱ्यानं सुकत चालला होता आणि आतली ओल दिवसाला बोटभर खाली उतरत होती. हरभऱ्याला कुणी पाणी देत नाही. पेरणीच्या दिवशी जमिनीत जेवढी ओल असेल तेवढ्यावर तो जगतो, नाहीतर जगत नाही.

तुळजाबाई रोज सकाळी घागर बुडवताना पलीकडं बघायची. मातीचा रंग बघून ओल किती खाली गेली ते तिला कळायचं.

मांजरीचे नदीनं दोन भाग केलेत. अलीकडं खुर्द, पलीकडं बुद्रुक. तुळजाबाईचं सासर खुर्दात आणि माहेर बुद्रुकात. वीस वर्षांमागं तिचं वऱ्हाड गुडघाभर पाण्यातून चालत आलं होतं. माहेरच्या चुलीचा धूर तिला सासरच्या अंगणातून दिसायचा. लोक म्हणायचे, नशीबवान बाई, माहेर हाकेवर आहे. त्या साली मात्र ती हाक तिला नकोशी झाली होती.

"आक्का! ए आक्का!"

पलीकडच्या काठावर तिचा धाकटा भाऊ गेनबा उभा होता. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात खुरपं.

"बोल, येतंय ऐकू."

"परवा बाराव्या दिशी बारसं हाय. तू उद्याच ये."

"येते की. सहा वर्सांनी तुझ्या घरात पाळणा हललाय, मी न्हाई येनार व्हय?"

"नाव ठरलंय."

तुळजाबाई हसली. "बाप कवापासनं नाव ठरवाया लागला? त्ये काम आत्याचं."

"घ्यायचं आत्यानंच. पर ठरलंय. मळई!"

घागर निम्मी भरली होती. ती तिनं तशीच धरून ठेवली.

"काय म्हनलास?"

"मळई! पोरीचं नाव मळई. आधी कानात सांग, मग समद्यांच्या देखत मोठ्यानं म्हन. पुन्याचं कारकून रानाच्या चौकशीला त्याच दिशी येत्यात. त्यानला पानसुपारीला अंगनातच बसवनार हाय."

काठावर धुणं धुणाऱ्या चारपाच जणींचे हात थांबले. एकीनं दुसरीकडं बघितलं. गेनबा वळून चालायलाही लागला. त्याला जे ऐकवायचं होतं ते त्यानं दोन्ही काठांना ऐकवलं होतं.

त्या पाच बिघ्यांना बुद्रुकातले लोक 'मळई' म्हणत. नदी वर्षानुवर्षं कणकण गाळ आणून काठाला लावते, ती मळई. ज्याच्या काठाला लागली त्याची. खुर्दातले त्याच जमिनीला 'तोड' म्हणत. पुरानं एका घावात तोडून पलीकडं नेलेला तुकडा, तो ज्याचा होता त्याचाच राहतो. हा रिवाज दोन्ही गावांना पाठ होता. भांडण एवढंच होतं, की हा तुकडा गाळानं आला की घावानं तुटला. गेनबा म्हणायचा गाळानं. तुळजाबाईचा नवरा संपत म्हणायचा घावानं. आणि त्या वर्षी, त्या दिवशी, त्या घटकेला काठावर उभं राहून बघणारी जी दोन माणसं होती, त्यांतला एक तिचा सासरा, तो गेल्या साली वारला. दुसरी ती.

*

ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

संपत अंगणात पाभरीची पाचर ठोकत बसला होता. पेरायला रान नसताना पाभर दुरुस्त करण्यात त्यानं तीन दिवस घालवले होते. तो वर न बघता ठोकत राहिला. सासू मुक्ताबाई जात्यापाशी बसली होती. तिनं सुरुवात केली.

"लेकीला शेताचं नाव! अजून काय काय ऐकायचं ऱ्हायलंय? उद्या म्हशीला पोथी म्हनतील, आन कोंबडीला पाटलीन."

तुळजाबाईनं घागर उतरवली.

"भाऊ लई शहाना निघाला तुझा," मुक्ताबाई म्हणाली. "आमच्याच घरची सून, आमच्याच जमिनीवर तिच्या तोंडानं गाळ टाकनार."

संपतनं मोगरी खाली ठेवली. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. आवाज चढवणाऱ्याचं एक बरं असतं, तो थकतो.

"तू जा बारशाला," तो म्हणाला. "सख्खी आत्या गेली न्हाई तर गाव माझ्या तोंडात शेन घालील. पर नाव गंगा घ्यायचं. कुनाच्या बी पोरीचं असतंय तसं."

"आन त्यांनी आडवलं तर?"

"नाव आत्याच्या तोंडात असतंय. त्ये कोन आडवनार?" त्यानं पाभरीचा फण हलवून बघितला. "त्या तोंडातनं मळई निघालं, तर तिकडंच ऱ्हा. पोरं हितं ऱ्हातील."

तिची दोन्ही पोरं गोठ्याच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. धाकटा आठ वर्षांचा होता.

"म्या बघितलंय काय झालं त्ये," ती म्हणाली. "चावडीवर मला का न्हाई बोलावत?"

"पुन्याला गेलतो तवाच इचारलं म्या कारकुनाला. त्यो म्हनला, नवऱ्याच्या बाजूनं बायको बोलनार न्हाई, तर काय शेजारीन बोलनार?" संपत कडवट हसला. "तू आमच्या बाजूनं बोललीस तर त्याला किंमत न्हाई. आमच्या इरुद्ध बोललीस, तर ती साक्ष, सोन्यावानी. ह्येच तुझ्या भावाला उमगलंय."

तिला उमगायला त्याहून वेळ लागला नाही. चावडीवर बाईला कुणी विचारत नाही. बाईनं बोललेलं सगळ्या गावानं गप्प राहून ऐकायचं, असं ठिकाण एकच, पाळण्यापाशी. आणि तिथं आत्यानं घेतलेलं नाव मागं घेता येत नाही.

दुपारभर ती शेणी थापत होती, पण डोळ्यांपुढं तीन वर्षांमागचा श्रावण होता. भर दुपार. ती म्हशी घेऊन काठावर. नदी तांबडी, पाण्याला मधेच फुगवटा आलेला. मग मोठं लाकूड चिरावं तसा आवाज झाला आणि त्यांच्या रानाच्या शेपटाकडून पाणी आत घुसलं. बघता बघता पाच बिघ्यांच्या मागून नवी धार वाहू लागली. जुनी धार मंदावली. आणि मधे, पाण्यानं वेढलेली, त्यांची कमरेएवढी बाजरी तशीच उभी होती. वाऱ्यानं हलत होती. जणू तिला काही कळलंच नव्हतं. शेजारी सासरा मटकन खाली बसला होता. संपत त्या दिवशी गाडी घेऊन पुण्याला वेठीवर गेला होता.

*

दुसऱ्या दिवशी ती निघाली. डोक्यावर पाटी, पाटीत कुंची, अंगडं, खण आणि पायलीभर गहू. कुंची तिनं स्वतः शिवली होती, जुन्या इरकलीच्या पदराची. नदी ओलांडायच्या उताराला पाणी मांडीपर्यंत होतं, गार, पायाखाली गोटे सरकणारं. अर्ध्यात गेल्यावर तिनं पाटी घट्ट धरली आणि पुढं बघूनच चालत राहिली.

गेनबा काठावरच थांबला होता. घराकडं न नेता त्यानं तिला सरळ रानात नेलं.

"ह्ये बघ." त्यानं खुरप्यानं उकरलं. एक बोट, दोन बोटं, तीन. चौथ्या बोटाला माती काळी लागली. त्यानं मूठभर घेऊन दाबली आणि मूठ उघडली. लाडू वळला, पण अंगठा लावताच फुटला.

"आजून चार दिस," तो म्हणाला. "मग हितं हरभरा टाकला काय आन खडं टाकलं काय."

"तिकडंबी त्येच म्हनत्यात."

"तिकडं वीस बिघं हायेत, आक्का. ह्ये गेलं तर त्यांचं काय जातंय? माझं दुसरं रान म्हंजी माळ. कुसळं बी रडत उगवत्यात." त्यानं हात पुढं केले. तळव्यावर जुने घट्टे, बोटांना चिरा. "दोन सालं ह्यो नुसता गोट्यांचा ढीग होता. तवा कोन आलं होतं तोड म्हनाया? दगड येचलं आमी. शकूनं औंदा भादव्यात बी सातव्या म्हैन्याचं पोट घेऊन उरल्या दगडांच्या पाट्या व्हायल्या. गेल्या साली पैला चांगला हरभरा निघाला आन मग दाजींना आपली जमीन आठवली."

ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. म्हणूनच तिला ते ऐकवेना.

"गेनू," ती म्हणाली, "त्या दिशी बाजरी उभी होती."

तो खुरपं पुसत होता. पुसतच राहिला.

"कमरेइतकी. वर पानीच न्हवतं आलं. म्या माझ्या डोळ्यांनी..."

"त्ये मला सांगू नगंस." तो चटकन म्हणाला. "म्या ऐकलं न्हाई. तू बोलली न्हाईस. उद्या एक शबुद बोल, बास. एक शबुद मागतोय, जमीन न्हाई मागत तुझ्याकडं."

"त्यो एक शबुद म्हंजीच जमीन हाय."

"मग भावाला दे." त्यानं खुरपं मातीत रुतवलं. "न्हाई बोललीस तर ह्या घराचा उंबरा तुला मेला. आईला इचार. तीबी हेच म्हनतीया."

आई बायडाबाई तसं काही बोलली नाही. तिनं दारात लेकीच्या पायावर पाणी ओतलं, तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "भावाची लाज राख बये." मग आत जाऊन घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसली. निवडताना तिनं पुन्हा वर बघितलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत धुरीचा आणि ओव्याचा वास कोंडला होता. शकू बाजेवर कुशीवर पडली होती. पोर मूठ तोंडात कोंबून झोपलं होतं. तुळजाबाईनं कुंची काढून दिली. शकूनं ती उलटसुलट करून बघितली. तिची नखं अजून काळी होती, एक मुळापासून उडालेलं.

"वन्सं, नाव कसं हाय?" तिनं हळूच विचारलं.

"तुला आवडलं?"

"मला कोन इचारतंय." शकूनं दाराकडं बघितलं. "दगड येचताना इचारलं न्हाई, आता नाव ठेवताना इचारतील व्हय?"

"बोल की. हितं कोन हाय?"

शकूनं पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग एकदम बोलायला लागली, पोर जागं होईल म्हणून दबक्या आवाजात. "उद्या रान गेलं, तर पोरीला काय म्हनायचं? आन ऱ्हायलं, तरी काय? हिला हाक मारली की भांडन उठनार. पान्यावर उभी ऱ्हाऊन मळे म्हनलं, की पैलथडीनं धोंडा यायचा. शेताच्या कडंला दगड पुरत्यात तसं माझ्या पोरीला पुरायला निघाल्यात ह्ये." तिनं डोळे पुसले. "म्या बोलले म्हनून सांगू नका. त्यांच्यावर बी बेतलीय. म्या बघते की, भाकरी पुढं ठेवली तरी हात लावत न्हाईत."

तुळजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. गंगा घेतलं तर उंबरा मेला. मळई घेतलं तर पोरं गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं.

*

बारशाच्या दिवशी सकाळपासून घरात बायकांची रीघ लागली. अंगणात घोंगडी अंथरून कारकून यज्ञेश्वरपंतांना बसवलं होतं. ते नारायण पेठेत राहणारे. अंगरख्यावर मांजरीची धूळ बसली होती आणि ती त्यांना मुळीच पसंत नव्हती. शेजारी दप्तराचं बासन आणि दौत. उद्याच्या चौकशीसाठी आलेला माणूस आजच इथं का बसवला आहे, हे त्यांना येताक्षणी कळलं होतं.

"मुलीला शेताचं नाव ठेवता म्हणे?" त्यांनी पान जुळवत गेनबाला विचारलं.

"व्हय जी. लाडानं."

"उत्तम. आमच्याकडे मुलींना नद्यांची नावं ठेवतात. नदीवर दावा लावता येत नाही, म्हणून असेल."

गेनबा कसनुसं हसला.

अंगणाच्या कडेला बाभळीखाली संपत उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. माझी बायको आत आहे, एवढंच म्हणाला.

आत पाळणा बांधला होता. रीतीप्रमाणं आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याच्या खालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात फिरवला. एरवी त्या वेळी केवढी थट्टा चालते. वरवंट्याला कुणी म्हणतं, बापावर गेलाय, कुणी म्हणतं, मुका घे गं ह्याचा. त्या दिवशी वरवंटा मुकाट्यानं फिरला. मग पोरीला घेतली. तिलाही तसंच फिरवून पाळण्यात घातली. ती जागी होती. टक लावून आढ्याकडं बघत होती.

"आत्याबाई, या फुडं," सुईण म्हणाली.

तुळजाबाई पाळण्याशी गेली. तिच्या मागं बायका दाटून उभ्या राहिल्या. आत्या कानात नाव सांगायला वाकली की तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या असतात. त्याशिवाय नाव पक्कं होत नाही, असं मानतात. मुठी वळलेल्या होत्या, पण सगळ्यांचे कान पुढं होते. दारात गेनबा येऊन उभा राहिला. पुरुषानं तिथं यायचं नसतं, पण त्याला कुणी हटकलं नाही. बाहेर यज्ञेश्वरपंतांचं पान चघळणं थांबलं.

ती वाकली. पोरीच्या टाळूला तेलाचा वास येत होता. कान एवढासा, चिंचेच्या पानासारखा, अजून नीट उलगडलाही नव्हता. त्या कानात दोन गावं शिरायला बघत होती.

गंगा तिच्या जिभेवर आलं आणि परत गेलं. मळई आलं, तेही परत गेलं. काल गेनबानं दाबलेला मातीचा लाडू तिच्या डोळ्यांपुढं पुन्हा फुटला. सगळे जमिनीसाठी भांडत होते आणि ज्याच्यावर पीक येतं ते खाली खाली चाललं होतं. त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं. पैलथडीला जेवढं होतं तेवढंच ऐलथडीला.

तिनं पोरीच्या कानात सांगितलं. मग ताठ होऊन मोठ्यानं म्हणाली,

"ओल."

एकाही मुठीनं तिची पाठ गाठली नाही.

"काय?" सुईण म्हणाली. "काय म्हनलीस गं?"

"ओल. पोरीचं नाव ओल."

"अगं, ह्ये काय मानसाचं नाव हाय?"

"दगड्या, धोंड्या मानसांची नावं हायेत. मग ह्येच का न्हाई?"

गेनबानं बायकांना बाजूला सारलं. "आक्का, काय ठरलं होतं?"

"तू ठरवलंस. म्या न्हाई."

"पुन्ना घे. नाव पुन्ना घे. समद्यांच्या देखत घे!"

"घेतलं त्ये घेतलं." तिनं पाळण्याची दोरी धरली. "तुला जमीन पायजे तर चावडीवर जा. त्यांना पायजे तर त्यांनी जावं. ह्या पोरीच्या कानात बांध घालू नका कुनी."

"बाई!" अंगणातून यज्ञेश्वरपंतांचा आवाज आला. "आत काय चाललं आहे, ते बाहेर कळेल काय?"

तुळजाबाई पदर सारखा करून उंबऱ्यापाशी आली. आत आई, भाऊ, भावजय. बाहेर बाभळीखाली नवरा. ती उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली.

"आपण खुर्दातल्या. कोणाच्या घरातल्या?"

तिनं बाभळीकडं बघितलं. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"संपतरावांची बायकू," मागून सुईण म्हणाली.

"म्हणजे घरच्या. मग आपण बोला, मी ऐकेन. लिहिणार मात्र नाही."

"लिवू नका. ऐकाच." तिनं जमिनीकडं बघत सांगितलं. तिसऱ्या सालचा श्रावण, भर दुपार, म्हशी, तो आवाज. "एका घटकंत तुटलं. गाळ न्हवता. बाजरी तशीच उभी होती. म्या बघितलं, मामंजींनी बघितलं."

मागं गेनबाच्या तोंडून नुसता श्वास निघाला. बाभळीखाली संपतनं मान वर केली.

"आजून सरलं न्हाई," ती म्हणाली. "भादव्यात दुसरा पूर आला. बाजरी गाडली, वर गुडघाभर गोटं आलं. दोन वर्सं आमच्या घरचं कुनी तिकडं फिरकलं न्हाई. गेली तोड, असं म्हनून मोकळं झालं. त्यो गोट्यांचा ढीग माझ्या भावानं आन भावजयीनं येचला. पोटूशी होती तवा बी येचत होती. जमीन आमची तुटली, पर रान त्यांनी केलंय. हरभरा आला तवा आमाला जाग आली. ह्ये बी म्या बघितलंय."

संपतची मान पुन्हा खाली गेली.

यज्ञेश्वरपंतांनी दप्तराचं बासन पुढं ओढलं. मग त्यांनी पानाचा चोथा थुंकला आणि दौतीचं टोपण काढलं.

"बाई भावाच्या विरुद्ध बोलल्या आणि नवऱ्याच्याही विरुद्ध बोलल्या," ते म्हणाले. "आता लिहायला हरकत नाही. बावीस वर्षांच्या चाकरीत अशी जबानी प्रथमच पाहतो."

बोरू कुरकुरत चालला. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "निकाल पुण्यास होईल. महिना, सव्वा महिना धरून चाला."

"म्हैन्यानं काय करायचं त्या निकालाचं?" तुळजाबाई म्हणाली. "ओल तीन दिस हाय."

"म्हणजे?"

"आज-उद्या पेरलं तर पीक. न्हाईतर ज्याला मिळंल त्याला ढेकळं मिळतील. पेरू द्या. पीक सरकारात धरा आन निकाल लागंल त्याच्या पदरात घाला. रान मोकळं ठेवून कुनाचं भलं?"

यज्ञेश्वरपंतांनी आधी गेनबाकडं आणि मग संपतकडं बघितलं. "ही गोष्ट दोन गावांतल्या एकाही पुरुषाला सुचली नाही. असो. पीक अमानत राहील. बियाणं कोणाकडे आहे?"

"माझ्याकडं," गेनबा कसाबसा म्हणाला.

"पाभर?"

"हाय," संपत म्हणाला.

"मग दोघांनी मिळून पेरा. पेरताना डोकी फुटली तर दंड सारखा."

*

ती पाटी घ्यायला आत गेली. बायका पांगल्या होत्या. घुगऱ्यांचं पातेलं तसंच भरलेलं होतं. बायडाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"आई, जाते."

"जा," बायडाबाई म्हणाली. कुंकवाचा करंडा तिच्या हाताशीच होता. तिनं तो उचलला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तुळजाबाई माहेराहून ओटी न भरता निघाली.

ती खोलीच्या दारावरून पुढं गेली तेवढ्यात आतून हाक आली. "वन्सं."

शकू बाजेवरून उठून उभी राहिली होती. एका हातानं खांब धरलेला, एका हातात पोर.

"वाका," ती म्हणाली.

"काय गं?"

"वाका म्हनते ना."

तुळजाबाई वाकली. तिच्या पाठीत एक बुक्की बसली. दगड वेचलेल्या हाताची होती. कळ थेट मणक्यात गेली.

"कुनीच घातली न्हाई," शकू म्हणाली आणि धापा टाकत खाली बसली. "मग नाव कसं लागनार?"

*

दुसऱ्या दिवशी पाभर पाण्यातून पलीकडं नेली. बैल संपतनं धरले. तुळजाबाईला घरी राहा असं कुणी म्हणालं नाही आणि ये असंही कुणी म्हणालं नाही. संपत आदल्या संध्याकाळपासून तिच्याशी बोलला नव्हता. मुक्ताबाईनं भाकरी थापून पुढं ठेवली, तीही न बोलता. पण पोरं तिच्याजवळ झोपली होती आणि सकाळी पाभरीमागं चालायला बाई लागतेच.

तिनं चाडं धरलं. मूठभर हरभरा चाड्यात सोडायचा, तो नळ्यांतून तासात पडत जायचा. बैल पुढं, ती मागं, तिच्या मागं पायानं तास बुजवत गेनबा. पाठ ठणकत होती. दाणा काळ्या मातीत पडताना दिसायचा आणि लगेच झाकला जायचा.

चौथं तास धरल्यावर संपत पुढूनच म्हणाला, "चाडं सरळ धर."

तिनं सरळ धरलं.

दिवस मावळायच्या सुमारास शेवटचं तास आलं. संपत बैल सोडून नदीवर पाणी पाजायला घेऊन गेला. गेनबानं उरलेलं बियाणं पोत्यात ओतलं, पोत्याचं तोंड बांधलं, सोडलं, परत बांधलं.

"ह्ये रान जानार," तो म्हणाला.

"व्हय."

"तू बोललीस म्हनून."

"व्हय."

त्यानं पोतं खांद्यावर टाकलं. दोन पावलं गेला आणि थांबला. तिच्याकडं न बघता, पेरलेल्या रानाकडं बघत म्हणाला, "सकाळपास्नं पोरगी रडतीया. शकूनं हाक मारली तिला. तू ठेवलेल्या नावानं."

"मग गप झाली?"

"कुठली. मग म्या बी मारली."

"मग?"

"बोंबलतीया आजून," गेनबा म्हणाला आणि घराकडं चालू लागला.